मुतखड्याची कळ आणि वेदनाशामक औषधांची निवड

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित आरोग्य व्याख्यानमालेत समाजातील एका ज्येष्ठ डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला ‘मुतखडा’ हा विषय दिला, तेव्हा आहार, पथ्य आणि पाणी यांविषयी मी बोलावे अशी त्यांची अपेक्षा असावी. त्या विषयावर आपल्यापैकी प्रत्येकाजवळ काही ना काही माहिती असतेच, आणि नसली तर शेजारी ती न मागता पुरवितात. म्हणून मी आज फक्त कळ उठल्यानंतरच्या पहिल्या काही तासांविषयी बोलणार आहे. त्या वेळी रुग्णाला कोणते वेदनाशामक द्यावे, का द्यावे आणि कोणाला मुळीच देऊ नये, एवढाच माझा विषय आहे. तो निवडण्यामागे एक व्यक्तिगत कारण आहे. ते ओघात सांगेन.

ज्यांना ही कळ ठाऊक आहे त्यांना तिचे वर्णन सांगण्याची गरज नाही. मध्यरात्री कमरेच्या एका बाजूला, बरगडीखाली वेदना उठते, ती पुढे जांघेकडे उतरत जाते, उलटी होते, अंगाला दरदरून घाम सुटतो. अपेंडिक्सचा रुग्ण हलला तर दुखते म्हणून निश्चल पडून राहतो. मुतखड्याच्या रुग्णाला कोणत्याच कुशीवर थारा मिळत नाही, तो खोलीभर येरझारा घालतो. आम्हा डॉक्टरांचे अर्धे निदान दारातच होते. बाळंतपण अनुभवलेल्या कित्येक भगिनींनी मला सांगितले आहे की ही कळ त्या कळांपेक्षा कमी नव्हती.

मी व्यवसाय सुरू केला त्या काळी अशा रुग्णाला द्यावयाचे औषध ठरलेले असे. आतड्याची पेटकी सोडविणारे एक इंजेक्शन, म्हणजे हायोसिन, डायसायक्लोमीन किंवा ड्रोटाव्हेरिन यांपैकी काहीतरी. आणि त्याने भागले नाही तर पेंटाझोसिन व प्रोमेथाझिन यांची जोडी. रुग्ण झोपी जाई, नातेवाईक समाधानाने घरी जात, आणि आम्हालाही वाटे की उत्तम काम झाले. आज मागे वळून पाहताना म्हणावे लागते की आम्ही रुग्णाला झोपवीत होतो, वेदनेच्या मुळाशी फारसे जात नव्हतो. हे समजण्यासाठी मुळात कळ कशाने उठते ते पाहावयास हवे.

सामान्य समज असा की खडा टोकदार असतो आणि तो मूत्रवाहिनीला टोचतो, म्हणून दुखते. टोचणे असतेच, परंतु मुख्य दुखणे तुंबण्याचे आहे. मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे जाणारी नळी केवळ तीन-चार मिलिमीटर रुंदीची. तीत खडा अडकला की वरच्या बाजूला मूत्र साठते, दाब वाढतो, मूत्रपिंडावरचे आवरण ताणले जाते. या ताणामुळे मूत्रपिंडात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होऊ लागतात. ही द्रव्ये मूत्रपिंडाकडे येणाऱ्या रक्तवाहिन्या रुंद करतात, त्यामुळे रक्त अधिक येते, मूत्र अधिक बनते, आणि आधीच तुंबलेल्या नळीत आणखी भर पडते. शिवाय नळीला सूज येते आणि ती खड्याभोवती अधिक आवळते. धरणाचे दरवाजे बंद असताना वरच्या नद्यांना पूर यावा, तसा हा प्रकार.

अॅस्पिरिनसारखी औषधे याच प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखतात, हे इंग्लंडच्या जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवून दिले. त्या कार्यासाठी त्यांना १९८२ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. डायक्लोफेनॅक, किटोरोलॅक, इबुप्रोफेन ही सारी त्याच कुळातील औषधे. सांधेदुखीसाठी आपण ज्या गोळ्या घेतो, त्याच. मुतखड्याच्या कळेत ही औषधे वेदना बधिर करीत नाहीत. वेदना निर्माण करणारा दाबच उतरवितात. पूर ओसरू लागतो.

अफूच्या कुळातील औषधांचे तसे नाही. मॉर्फीन, पेथिडीन, पेंटाझोसिन, ट्रॅमाडॉल ही मुख्यतः मेंदू आणि मज्जारज्जू यांच्या पातळीवर काम करतात; वेदनेचा संदेश पोहोचतो, पण त्याची धार बोथट होते. तुंबारा मात्र जागच्या जागी राहतो. यांपैकी पेथिडीनला मुतखड्याच्या बाबतीत एक वेगळाच मान मिळाला होता. १९३० च्या दशकात जर्मनीत ते पेटकी सोडविणाऱ्या औषधांच्या शोधात सापडले, म्हणून ते नळीलाही सैल करते आणि मॉर्फीनपेक्षा या कळेला अधिक योग्य आहे, असे पिढ्यान्‌पिढ्या शिकविले गेले. आम्हीही ते पाठ केले होते. पुढे दोन्ही औषधे समोरासमोर तपासली गेली, तेव्हा फरक आढळला नाही. २००४ साली जगभरच्या वीस चाचण्या एकत्र करून अभ्यास झाला. त्यातून निष्कर्ष निघाला की दाहशामक कुळातील औषधे अफूच्या कुळाइतकीच किंबहुना थोडी अधिक वेदना कमी करतात, पुन्हा इंजेक्शन द्यावे लागण्याचे प्रमाण कमी राहते, आणि उलट्या तर पुष्कळच कमी होतात. उलट्यांच्या बाबतीत पेथिडीन सर्वांत वाईट ठरले.

तरीही शंका उरत होती. वीस लहान-लहान चाचण्यांची गोळाबेरीज ती. तिचे निरसन कतारची राजधानी दोहा येथील हमद जनरल हॉस्पिटलने केले. तेथे ऑगस्ट २०१४ ते मार्च २०१५ या काळात कळ घेऊन आलेल्या १६४५ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे तीन गट केले गेले. एकास स्नायूत डायक्लोफेनॅक ७५ मिलिग्रॅम, दुसऱ्यास शिरेतून पॅरासिटामॉल १ ग्रॅम, तिसऱ्यास शिरेतून वजनाच्या प्रमाणात मॉर्फीन. कोणाला काय मिळाले हे ना रुग्णास ठाऊक, ना डॉक्टरांस. अर्ध्या तासानंतर वेदना निम्म्याने किंवा अधिक उतरली का, एवढेच पाहिले. डायक्लोफेनॅकच्या गटात शंभरात ६८ जणांची उतरली, पॅरासिटामॉलच्या गटात ६६, आणि मॉर्फीनच्या गटात ६१. तात्काळ दुष्परिणाम मॉर्फीनच्या गटात सुमारे ३ टक्के लोकांना, अन्य दोन्ही गटांत सुमारे १ टक्का लोकांना. २०१६ साली ‘लॅन्सेट’ या साप्ताहिकाने हा अभ्यास प्रसिद्ध केला.

मला या आकड्यांत डायक्लोफेनॅकच्या विजयापेक्षा पॅरासिटामॉलचे स्थान अधिक विलक्षण वाटले. ज्याला आपण तापाची साधी गोळी म्हणून नाक मुरडतो, ते औषध शिरेतून दिल्यास मॉर्फीनच्या तोडीस तोड ठरते! मात्र ‘शिरेतून’ हा शब्द विसरू नये. उलट्या करणाऱ्या माणसाच्या पोटात गोळी किती काळ टिकणार?

इंग्लंडच्या ‘नाइस’ या संस्थेने जानेवारी २०१९ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांतही हाच क्रम आहे. प्रथम दाहशामक औषध. ते चालत नसेल किंवा पुरेसे पडत नसेल तर शिरेतून पॅरासिटामॉल. दोन्हींनी भागले नाही तरच अफूचे कूळ. आणि पेटकी सोडविणारी औषधे? ती देऊ नयेत, असे स्पष्ट म्हटले आहे. दाहशामकाच्या जोडीने ती दिल्यास विशेष अधिक लाभ होत नाही, तोंड कोरडे पडते, डोळ्यांपुढे अंधुक होते आणि वयस्क पुरुषांची लघवी अडू शकते. आपल्याकडे मात्र औषधांच्या दुकानात ‘कळेची गोळी’ म्हणून आजही पहिला हात तिकडेच जातो. ट्रॅमाडॉल एप्रिल २०१८ पासून अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आले. ते ‘जरा कडक वेदनाशामक’ म्हणून घरात साठवून ठेवण्याची वस्तू नव्हे.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण समोर पांजरपोळीचे काम पाहणारे काही बंधू बसलेले दिसतात. हेच डायक्लोफेनॅक एके काळी गुरांनाही सर्रास टोचले जाई. ज्या जनावराला ते दिले गेले त्याचे मृत शरीर गिधाडांनी खाल्ले, तर गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होऊन ती मरतात, हे २००४ साली सिद्ध झाले. तोवर आपल्या देशातील गिधाडे बहुतांशी संपली होती. २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोहोचतच होत्या, म्हणून २०१५ साली इंजेक्शनची कुपी ३ मिलिलिटरची, एका मात्रेपुरतीच असावी, असा नियम झाला. २०२३ साली जनावरांसाठीच्या किटोप्रोफेन आणि एसिक्लोफेनॅक यांवरही बंदी घातली गेली. जनावरांसाठी मेलॉक्सिकॅम हा गिधाडांना अपाय न करणारा पर्याय आहे. आपल्या पांजरपोळीत येणाऱ्या पशुवैद्यांना कृपया हे एकदा विचारून घ्यावे.

पक्ष्याची मूत्रपिंडे निकामी करणारे औषध माणसाच्या मूत्रपिंडांना अगदीच निरुपद्रवी असेल काय? आता मी त्या व्यक्तिगत कारणाकडे येतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या परिचयातील एका काकांना मुतखड्याचा त्रास झाला. वय सहासष्ट. रक्तदाबासाठी रामिप्रिल आणि त्यासोबत लघवी वाढविणारी गोळी चालू होती. मी त्यांना डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन दिले, अर्ध्या तासात ते बोलू लागले, खडा चौथ्या दिवशी पडला. जाताना ‘पुन्हा दुखले तर घ्या’ म्हणून मी दहा गोळ्यांची स्ट्रिप लिहून दिली. तीन-चार गोळ्या वापरल्या गेल्या, उरलेल्या कपाटात राहिल्या. पुढच्या पर्युषणात काकांनी अठ्ठाई धरली. तिविहार उपवास, म्हणजे दिवसा फक्त उकळलेले पाणी, सूर्यास्तानंतर तेही नाही. तिसऱ्या दिवशी कमरेत कळ उठली. काकांनी स्ट्रिप काढली आणि पाण्याबरोबर एक गोळी घेतली. सायंकाळी दुसरी. पुढचे दोन दिवस तसेच. घरात कोणालाही सांगितले नाही. सहाव्या दिवशी लघवी जवळजवळ बंद झाली, पायांवर सूज आली, तेव्हा मुलाने त्यांना माझ्याकडे आणले. क्रिएटिनिन १ च्या आसपास असावयाचे, ते ४.८ होते.

हे का घडले? जे प्रोस्टाग्लँडिन तुंबलेल्या मूत्रपिंडात कळ वाढविते, तेच कोरड्या पडलेल्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवून धरते. शरीरात पाणी कमी झाले की मूत्रपिंडे याच द्रव्याच्या आधारावर आपल्या रक्तवाहिन्या उघड्या ठेवतात. डायक्लोफेनॅकने तो आधार काढून घेतला. रामिप्रिलने दुसरा आधार आधीच काढलेला होता. लघवीच्या गोळीने उरलेसुरले पाणी बाहेर टाकले. ही तीन औषधे निर्जलीकरण झालेल्या शरीरात एकत्र येणे याला आम्ही तिहेरी आघात म्हणतो. म्हणजे औषधाचा गुण आणि त्याचा दोष ही दोन वेगळी कार्ये नव्हेत. कार्य एकच, परिस्थिती निराळी. आणि ती परिस्थिती विचारण्याचे, निदान स्ट्रिपवर ‘उपवासात घेऊ नये’ एवढे तीन शब्द लिहिण्याचे काम माझे होते. ते मी केले नव्हते.

दोहाच्या चाचणीचे आकडे मी आपल्याला उत्साहाने सांगितले. आता त्यांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्या चाचणीत १८ ते ६५ वर्षे वयाचेच रुग्ण घेतले होते, आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना वगळले होते. काका त्या चाचणीत बसलेच नसते.

तेव्हा ज्यांची मूत्रपिंडे आधीच दुबळी आहेत, ज्यांना एकच मूत्रपिंड आहे, पोटात व्रण किंवा रक्तस्रावाचा इतिहास आहे, रक्त पातळ करणारी औषधे चालू आहेत, हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेला आहे, अॅस्पिरिनने दमा उठतो, किंवा ज्या भगिनी गर्भवती आहेत, त्यांच्यासाठी डायक्लोफेनॅक पहिले औषध नव्हे. त्यांच्यासाठी शिरेतून पॅरासिटामॉल आहे, आणि ते पुरले नाही तर रुग्णालयात, देखरेखीखाली, योग्य मात्रेत मॉर्फीनसुद्धा आहे. मॉर्फीनचे नाव काढले की नातेवाईक दचकतात. ‘व्यसन लागेल’ म्हणून एका वृद्ध आजींना तीन तास तळमळत ठेवलेले मी पाहिले आहे. तीव्र वेदनेत दिलेल्या एका मात्रेने व्यसन लागत नाही. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांच्यात मात्र मॉर्फीनही साचून राहते, म्हणून मात्रा ठरविणारे डॉक्टर जवळ हवेत.

काकांनी गोळ्या लपविल्या का, हा प्रश्न मला औषधशास्त्राहून अधिक दिवस छळत राहिला. बरे होऊ लागल्यावर त्यांनीच सांगितले. पच्चक्खाण मोडले अशी त्यांची समजूत झाली होती आणि ते कोणापुढे कबूल करण्याचा संकोच वाटत होता. मी त्या वर्षी चातुर्मासासाठी आलेल्या एका साध्वीजींना विचारले. त्यांनी शांतपणे सांगितले की पच्चक्खाणाच्या पाठातच आगार असतात, आणि त्यांत ‘सव्वसमाहिवत्तियागार’ हा असह्य व्याधीने समाधी ढळते तेव्हासाठीच आहे. काकांनी एक शब्द विचारला असता तर उत्तर मिळाले असते. मी डॉक्टर आहे, या विषयात बोलण्याचा मला अधिकार नाही. ज्यांना आहे त्यांना अवश्य विचारावे, इतकेच म्हणतो.

काही जण युक्ती काढतात की इंजेक्शन किंवा गुदमार्गे ठेवावयाची वडी तोंडावाटे जात नाही, म्हणून उपवासात चालते. व्रताच्या दृष्टीने चालते की नाही हे गुरुमहाराज सांगतील. परंतु औषध कोणत्या वाटेने आले हे मूत्रपिंडाला कळत नाही. कोरड्या शरीरात डायक्लोफेनॅकचा धोका तिन्ही वाटांनी तोच असतो.

आता व्यवहाराच्या दोन-चार गोष्टी. कळ उठली असता पाणी पीत सुटू नये. ‘तांब्याभर पाणी प्या, खडा वाहून जाईल’ हा सल्ला तुंबलेल्या नळीवर आणखी पाणी ओतण्याचा आहे. (या कामी एक विशिष्ट पेय सुचविणारे हितचिंतकही भेटतात, त्याचे नाव या सभागृहात घेण्याचे प्रयोजन नाही.) तहान लागेल तेवढे प्यावे, भरपूर पाण्याचे महत्त्व कळ शमल्यावर, पुढचा खडा होऊ नये यासाठी आहे. खडा लवकर पडावा म्हणून टॅमसुलोसिन देतात, ते वेदनाशामक नव्हे. इंग्लंडमधील २०१५ च्या मोठ्या चाचणीत त्याचा उपयोग दिसला नाही. पाच मिलिमीटरपेक्षा मोठ्या, खालच्या भागात अडकलेल्या खड्यात तो होऊ शकतो, असे अन्य अभ्यास सांगतात. पाच मिलिमीटरच्या आतले बहुतेक खडे कोणत्याही औषधाशिवाय आपले आपण पडतात.

डॉक्टरांसमोर गेल्यावर रुग्ण कळवळत असतो, त्याला काही सुचत नाही. बरोबरच्या माणसाने तीन गोष्टी न विचारता सांगाव्यात: रोजची औषधे कोणती, मागचे क्रिएटिनिन किती, आणि शेवटचे पाणी केव्हा घेतले. उपवास चालू असेल तर तोही सांगावा, लपवू नये. कळेबरोबर थंडी वाजून ताप असेल तर घरगुती उपाय, गोळ्या, सारे बाजूला ठेवून तत्काळ मोठे रुग्णालय गाठावे. तुंबलेल्या मूत्रात जंतुसंसर्ग झाला की काही तासांत जिवावर बेतते. तेथे वेदनाशामकाचा काही उपयोग नाही, मूत्राला वाट करून द्यावी लागते. लघवी पूर्ण बंद झाली असेल तरी तेच. आणि साठीनंतर आयुष्यात प्रथमच अशी कळ उठली तर तो मुतखडाच आहे असे घरी ठरवू नये. पोटातील मुख्य रोहिणी फुगून फुटू लागली तरी दुखणे तसेच असते.

आपल्याकडून काही चिठ्ठ्या आल्या आहेत.

एका भगिनींनी विचारले आहे, कुळथाचे कढण घ्यावे का? जरूर घ्यावे. त्यानिमित्ताने पोटात द्रव जातो. अडकलेला खडा त्याने विरघळेल म्हणून दवाखाना टाळू नये.

दुसरी चिठ्ठी: ज्यांना एकदा मुतखडा झाला त्यांनी रोजचा चौविहार सोडावा का? मी तसे सांगत नाही. नवकारसीपासून सूर्यास्तापर्यंत पाणी थोडे-थोडे वाटून घ्यावे, दिवसभरात अडीच लिटरच्या आसपास लघवी होईल इतके, आणि संध्याकाळचे जेवण कमी मिठाचे ठेवावे. सकाळची लघवी गडद पिवळी होत असेल तर दिवसाचे पाणी कमी पडते आहे. लांब तपश्चर्या करावयाची असल्यास आधी एकदा क्रिएटिनिन आणि सोनोग्राफी करून घ्यावी, आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचे काय करावे ते त्या डॉक्टरांना विचारावे.

शेवटच्या चिठ्ठीवर नाव नाही. ‘ते काका आता कसे आहेत?’ काकांना सलाइनवर आठ दिवस ठेवावे लागले, डायलिसिसची वेळ आली नाही. क्रिएटिनिन १.४ पर्यंत उतरले आणि तेथेच थांबले. पूर्वीच्या जागी गेले नाही. दर वर्षी पर्युषणाच्या पंधरा दिवस आधी ते केसपेपर घेऊन येतात. गेल्या वर्षी त्यांनी एकासणी केली. घरातील औषधांचा डबा ते सोबत आणतात आणि माझ्या टेबलावर उपडा करतात.